चिपळूणला बिऱ्हाड हलवताय? आधी पाणी विचारा

घर बघायला जाल तेव्हा भाडं नंतर विचारा. आधी विचारा, '२०२१ ला पाणी कुठवर होतं?' त्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्याआधी २००५ च्या जुलैतही शिरलं होतं. रंग नवा असला तरी जिन्याखाली, मीटरच्या खोक्यामागे गाळाची तपकिरी रेघ दिसते. ती बघितल्याशिवाय अनामत देऊ नका, आणि जमलं तर वरचाच मजला घ्या.

मी तळमजला घेतला होता. मुलीची पुस्तकं, कागदपत्रं, सगळं चिखलात गेलं. शेजारच्या काकूंनी आम्हाला तीन दिवस वर ठेवून घेतलं. तोवर त्यांच्याशी धड बोललोही नव्हतो, याची आजही खंत वाटते.

म्हणून आल्याआल्या ओळखी करा. मूळ गाव कुठलं, मुलं किती, पगार किती, सगळं विचारतील. चिडू नका हो, इथे चौकशी म्हणजे आपलेपणाच. वाटीतून काही आलं तर वाटी रिकामी परत करू नका.

आणि पावसाळ्यात महिन्याभराची औषधं घरात ठेवाच. कुंभार्ली घाटात दरड आली की कराडचा रस्ता बंद होतो.