रेट्रोआर्कमध्ये (जुने गेम चालवायचं सॉफ्टवेअर) निम्म्या गेमना कव्हरचं चित्र येत नाही, काही गेम यादीत दोनदा दिसतात. सगळं नीट कसं लावू?

चित्रं पुन्हा पुन्हा डाउनलोड करू नका, आधी यादी दुरुस्त करा. रेट्रोआर्क चित्र शोधतं ते नावावरून, आणि ते नाव घेतं यादीतून. यादीतच नाव चुकलं असेल तर सर्व्हरवर चित्र असूनही तुम्हाला मिळणार नाही.

ही यादी म्हणजे प्लेलिस्ट, ती साधी मजकुराची फाइल असते, एक्स्टेन्शन .एलपीएल, नोटपॅडमध्येही उघडते. प्रत्येक नोंदीत गेमची फाइल कुठे आहे तो पाथ, पडद्यावर दिसणारं लेबल आणि सीआरसी (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) असतो. कशालाही हात लावण्याआधी प्लेलिस्ट्सच्या अख्ख्या फोल्डरची एक प्रत काढून ठेवा. (नावं मी उच्चारानुसार लिहितोय; प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांत असतात.)

नेहमीचं स्कॅन फाइलचा सीआरसी काढून डेटाबेसशी ताडून बघतं. एक बाइट जरी वेगळा असला तरी जुळत नाही, म्हणून भाषांतराचा पॅच मारलेले गेम यादीत येतच नाहीत. सुपर निन्टेंडोच्या .एसएमसी फाइलींत आणखी एक भानगड असते: जुन्या कॉपियर यंत्रांनी (कार्ट्रिजमधला गेम उतरवून घेणाऱ्या) फाइलच्या सुरुवातीला चिकटवलेलं ५१२ बाइटचं हेडर, म्हणजे जादाचा तुकडा. १ एमबीच्या गेमचा आकार १०,४८,५७६ बाइट हवा. प्रॉपर्टीजमध्ये १०,४९,०८८ दिसला तर हेडर शिल्लक आहे. ते काढून टाकलं की बरेचदा तीच फाइल लगेच ओळखली जाते.

जे तरीही ओळखलं जात नाही त्यासाठी मॅन्युअल स्कॅन, म्हणजे डेटाबेसशी न जुळवता फोल्डरमधल्या फाइली थेट यादीत घेणं. यात सिस्टम नेम स्वतः टाइप करू नका, दिलेल्या यादीतूनच निवडा, कारण चित्रांचं फोल्डर प्लेलिस्टच्याच नावानं शोधलं जातं. फाइल एक्स्टेन्शन्सचा रकानाही रिकामा सोडू नका. प्लेस्टेशनचे काही कोअर (रेट्रोआर्कमध्ये गेम प्रत्यक्ष चालवणारे भाग) .क्यू (डिस्कची मांडणी सांगणारी छोटी फाइल) आणि .बिन (डिस्कवरचा डेटा) दोन्ही चालवतात, मग एकच गेम दोनदा येतो. तुमच्या दुबार नोंदींचं कारण बहुधा हेच असेल. तिथं फक्त क्यू लिहा. फायनल फँटसी ७ सारख्या तीन डिस्कच्या गेमसाठी एक .एम३यू फाइल बनवा, एका ओळीत एका डिस्कच्या क्यू फाइलचं नाव. असे गेम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर फक्त एम३यू लिहून स्कॅन करा.

आर्केडच्या झिप फाइलींची नावं मात्र कधीही बदलू नका. उदाहरणार्थ, स्ट्रीट फायटर २ च्या फाइलचं एसएफ२ हे नाव तसंच असेल तरच कोअरला गेम सापडतो. यादीत पूर्ण नाव हवं असेल तर मॅन्युअल स्कॅनमध्ये आर्केड डॅट फाइल (छोट्या नावांसमोर गेमची पूर्ण नावं असलेली यादी) द्यायची सोय आहे, ती वापरा.

आता चित्रं. ऑनलाइन अपडेटरमधल्या प्लेलिस्ट थंबनेल्स अपडेटरमधून एकेका यादीची चित्रं उतरवा. त्यानंतर जी राहतील ती हातानं ठेवायची. थंबनेल्स फोल्डरमध्ये प्लेलिस्टच्या नावाचं फोल्डर, त्यात कव्हरसाठी नेम्ड_बॉक्सआर्ट्स, खेळातल्या दृश्यासाठी नेम्ड_स्नॅप्स आणि शीर्षकाच्या पडद्यासाठी नेम्ड_टायटल्स. चित्र पीएनजी असावं. ५१२ पिक्सेल रुंदी पुरते. जेपीजीचं नुसतं एक्स्टेन्शन बदलू नका, इमेज एडिटरमधून पीएनजी म्हणून सेव्ह करा.

चित्राच्या फाइलचं नाव लेबलसारखंच ठेवा, अगदी कंसातल्या देशासकट. फक्त & * / : ` < > ? \ | ही चिन्हं आली तर त्यांच्या जागी अंडरस्कोर. लेबल ‘सॉनिक & नकल्स (वर्ल्ड)’ असेल तर चित्राचं नाव ‘सॉनिक _ नकल्स (वर्ल्ड).पीएनजी’. इथं बरेच जण अडकतात, कारण विंडोज & असलेलं नाव बिनतक्रार घेतं आणि चूक कुठं आहे ते कळतच नाही.

यादीत ‘(यूएसए)’ वगैरे शेपूट डोळ्यांना खटकतं म्हणून लेबल बदलू नका, त्यानं जुळलेली चित्रं तुटू शकतात. सेटिंग्जच्या प्लेलिस्ट्स विभागात मॅनेज प्लेलिस्ट्समध्ये जाऊन त्या यादीचा लेबल डिस्प्ले मोड बदला. कंस फक्त दिसायचा थांबतो, मूळ लेबल शाबूत राहतं.

गेम दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले असतील तर पुन्हा स्कॅन करण्याऐवजी .एलपीएल फाइलमध्ये पाथ फाइंड-रिप्लेसनं बदला. विंडोजवर या फाइलीत प्रत्येक \ दोनदा लिहिलेला असतो, बदलतानाही तसाच \\ लिहा. आणि मॅनेज प्लेलिस्ट्समधलं क्लीन प्लेलिस्ट दाबण्याआधी मेमरी कार्ड किंवा हार्ड डिस्क जोडलेली आहे ना, ते बघा. फाइल सापडली नाही की ते नोंद उडवतं. डिस्क जोडलेली नसेल तर अख्खी यादी रिकामी होते.