वहीत 1800, हातात 1440, असं कसं?

प्रश्न : नमस्कार, आम्ही निफाड तालुक्यातले. उन्हाळ कांदा चाळीत ठेवून विकला, दर सोमवारचा क्विंटलचा भाव वहीत लिहिला: 1800, 2100, 2400, 1900, 1500, 1300, 1200. 2400 नं 20 क्विंटल गेला, बाकी 80 क्विंटल शेवटी 1200 नं. दहावीतली मुलगी म्हणते सरासरी 1800 पडली, पण पट्ट्या (व्यापाऱ्याच्या विक्रीच्या पावत्या) जोडल्या तर 1440 च बसतात. वर ती म्हणते भाव आठवड्याला सरासरी 100 नं उतरला, मग मधे 2400 झाला होता तो कुठं गेला?

उत्तर : दादा, मुलीची बेरीज बरोबर आहे, फक्त वजन धरायचं राहिलं. 2400 आणि 1200 हे दोन भाव मिळवून तिनं 2 नं भागले, पण तसं भागायचं तर दोन्ही भावांना सारखाच माल जायला पाहिजे, तुमचा तसा गेला नाही. 20 गुणिले 2400 म्हणजे 48,000, 80 गुणिले 1200 म्हणजे 96,000, एकूण 1,44,000 ला 100 क्विंटलनं भागलं की 1440, ही भारित सरासरी आणि तुमच्या पट्टीशी जुळणारी हीच. सातही भाव चढत्या क्रमानं लावले तर मधला म्हणजे मध्यक 1800 येतो, साधी सरासरी 1743 च्या आसपास, पण हे दोन्ही बाजाराबद्दल सांगतात, तुमच्या मालाबद्दल नाही.

आता ते 100. 1800 वरून 1200, सहा आठवड्यांत 600 कमी, म्हणून उणे 100. हा सरासरी बदलाचा दर फक्त दोन टोकं बघतो, मधलं काही त्याला दिसत नाही. तुमचा भाव आधी दोन आठवडे 300 नं चढला, मग चार आठवडे सरासरी 300 नं उतरला, आणि इथंही नुसती 300 आणि उणे 300 ची सरासरी काढली तर शून्य येईल, आठवडे धरले तरच उणे 100.

दोन टोकांचंच आणखी एक उदाहरण बघा, नाशिक शहराची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 10,77,236 होती, 2011 ला 14,86,053, म्हणजे वर्षाला सरासरी 40,882 नं वाढ, पण कुठल्या वर्षी किती वाढली ते या दोन आकड्यांतून कळत नाही. तुमच्या वहीत मधले सोमवार आहेत, फार मोलाची वही आहे ती, जपून ठेवा आणि भावाशेजारी क्विंटलचा एक रकाना आजच आखून घ्या.