रेझिन, सुल्ताना, करंट आणि आपला बेदाणा

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलंय: ‘विलायती फ्रूटकेकच्या कृतीत रेझिन, सुल्ताना आणि करंट असे तीन जिन्नस वेगवेगळ्या मापाने दिलेत. शब्दकोशात तिन्हींपुढे मनुका! रविवार कारंजावर दुकानात विचारलं तर त्यांनी बियांच्या काळ्या मनुका पुढे केल्या. यांत नेमका फरक काय?’

ताई, तिन्ही सुकवलेली द्राक्षंच. पण ब्रिटनच्या बाजारात ती मुख्यतः द्राक्षाच्या जातीवरून वेगळी ओळखतात आणि आपण बी आहे की नाही यावरून. म्हणून शब्दाला शब्द जुळत नाही. तिन्हींपुढे ‘मनुका’ लिहून मोकळं होणं मला पटत नाही, कारण निदान एकासाठी आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे.

तो म्हणजे सुल्तानासाठी बेदाणा. सुल्ताना ही फिकट हिरव्या, बिनबियांच्या द्राक्षाची जात. 1870च्या दशकात विल्यम थॉम्पसन यांनी ती कॅलिफोर्नियात लावली आणि त्यांच्या नावावरून ती थॉमसन सीडलेस झाली. निफाड-दिंडोरीकडचे बागाईतदार ‘आमचा थॉमसन’ म्हणतात ती हीच, आणि फारसीतलं किश्मिशही याच जातीचं नाव. म्हणजे सुल्ताना, थॉमसन आणि किसमिस एकाच वेलीवर येतात! बेदाणाही फारसीतूनच आला. त्यातला ‘बे’ बेइमान, बेकार यांतला, आणि ‘दाणा’ म्हणजे बी. ज्यात बी नाही तो बेदाणा. म्हणून ‘बियांचे बेदाणे’ असं कुणी लिहिलं की मला फार टोचतं. मनुकेचा प्रवास याच्या उलटा झाला. अरबी ‘मुनक्का’ म्हणजे साफ केलेलं, बी काढलेलं. पण दुकानात मनुका मागितल्या की आज पुष्कळदा बियांच्याच पुढे येतात. तुम्हाला मिळाल्या त्या शब्दाच्या आजच्या अर्थाने बरोबरच होत्या.

मग रेझिन? ब्रिटनमध्ये काळपट, उन्हात तशाच वाळवलेल्या द्राक्षाला रेझिन म्हणतात. सुल्ताना मात्र वाळवण्याआधी बुडवून घेतात. द्राक्षाच्या मण्यावर जी पांढुरकी लव दिसते ते मेण असतं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवला की ते मेण सैल होतं, पाणी लवकर उडतं आणि रंग काळा पडत नाही. आपल्याकडे शेडमध्ये जाळीवर बेदाणा करतात तोही असाच. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो होतो. अमेरिकेत सुल्ताना हा शब्द फारसा चालत नाही. तिथे सगळंच रेझिन, आणि गंधकाची प्रक्रिया केलेलं पिवळं ते गोल्डन रेझिन. तेव्हा कृती कुठल्या देशातली आहे ते आधी बघा.

रेझिन हा शब्द मला विशेष आवडतो. फ्रेंचमध्ये ‘रेझँ’ म्हणजे आजही ताजं द्राक्ष. सुकं सांगायचं तर पुढे ‘सेक’ जोडावं लागतं. इंग्रजीने तोच शब्द उचलून सुक्याला चिकटवला. ताज्यासाठी घेतलेला ‘ग्रेप’ही जुन्या फ्रेंचमधला, आणि तिथे त्याचा अर्थ घड. रेझिनचं लॅटिन मूळ ‘रासेमुस’, त्याचाही अर्थ घडच! म्हणजे इंग्रजीत मणी मागितला तरी नावाने घडच हातात येतो.

राहिला करंट. विजेचा तो करंट वेगळा. इंग्रजीत उच्चार सारखा असला तरी स्पेलिंगमध्ये विजेच्या करंटला जिथे ‘ई’ येतो तिथे याला ‘ए’ लागतो. ग्रीसमधल्या कॉरिंथ शहरावरून ‘कॉरिंथची द्राक्षं’ असं म्हणता म्हणता हा शब्द झाला. लंडनहून आलेलं एक पाकीट मी उघडून पाहिलं होतं. दाणा मिऱ्याहून थोडा मोठा, जवळजवळ काळा, बी नाही, आणि चावला की गोडाच्या मागून आंबटपणा येतो. इतका लहान असल्यामुळे तो केकच्या प्रत्येक घासाला येतो. याला मराठी शब्द नाही आणि ओढूनताणून घडवूही नये. करंटच म्हणावं.

आइस्क्रीममधलं ब्लॅक करंट मात्र द्राक्षच नव्हे. ते थंड प्रदेशातल्या एका झुडपाचं फळ. या बारीक काळ्या मनुकांसारखं दिसतं म्हणून तेच नाव त्यालाही पडलं. केकच्या कृतीत नुसतं करंट लिहिलं असेल तर ते आणू नका.

तुमच्या केकसाठी सुल्तानाच्या जागी पिवळे बेदाणे घ्या, रेझिनच्या जागी बिनबियांच्या काळ्या मनुका घ्या, आणि करंट मिळाले नाहीत तर त्याच मनुका बारीक चिरून घाला. दुकानात मागताना ‘बिनबियांच्या’ हा शब्द आधी उच्चारा, आणि घरी आणल्यावर एक मनुका नखाने उकलून बघा.