प्रोबेट सक्तीचं राहिलं नाही, मग फ्लॅट असाच विकून टाकू का?

ताई, इतर वाचकांसाठी आधी तुमचं पत्र थोडक्यात सांगतो. वडील जानेवारीत गेले, आई त्याआधीच गेलेली. २०१६ च्या मृत्युपत्रात विलेपार्ल्याचा फ्लॅट तुम्हाला आणि बँकेतल्या ठेवी धाकट्या भावाला दिल्या आहेत. मृत्युपत्र नोंदणीकृत नाही. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून देण्यासाठी नेमलेले, मामा, वय ७८. दोन साक्षीदारांपैकी शेजारचे काका वारले, फॅमिली डॉक्टर हयात आहेत. थोरला भाऊ वडिलांच्या आधी गेला; वहिनी आणि पुतण्या कॅनडात असतात, बोलणं जवळजवळ बंद. सोसायटीत नॉमिनी धाकटा भाऊ. फ्लॅट कुलूपबंद आहे. बाजारभाव १ कोटी ९० लाखांच्या आसपास, पण ब्रोकरने आणलेलं गिऱ्हाईक १ कोटी ७० लाख देतंय. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, नको म्हणतंय; तुमच्याकडून इंडेम्निटी बाँड (पुढे नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी) घेऊन महिन्याभरात व्यवहार उरकायला तयार आहे. वकिलांनी प्रोबेटला सगळं धरून पावणेतीन लाख आणि दीड वर्ष सांगितलंय. आणि तुम्ही पेपरात वाचलंत की प्रोबेट आता लागतच नाही.

बातमी खरी आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळलं. या कलमामुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मिळकतीबद्दलच्या हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेतल्याशिवाय कोर्टात हक्क सांगता येत नसे. इंग्रजांच्या प्रेसिडेन्सी शहरांचा हा उरलेला वारसा. पुण्या-नाशिकच्या फ्लॅटला ही सक्ती कधीच नव्हती, त्यामुळे तिकडचे नातेवाईक तुम्हाला ‘आम्ही नाही बाई काही घेतलं’ म्हणत असतील तर तेही खरंच बोलताहेत.

पण गेली ती सक्ती. मृत्युपत्र खरं आहे, वडिलांनी शुद्धीत आणि स्वखुशीने केलं, हे कुणी विचारलं तर दाखवून देण्याची जबाबदारी अजून तुमच्यावरच आहे. प्रोबेट म्हणजे हे काम कोर्टासमोर एकदाच आणि सगळ्यांविरुद्ध लागू होईल असं करून घेणं. आज नाही केलं तर पुतण्या पाच वर्षांनी दावा लावेल तेव्हा करावं लागेल. तेव्हा डॉक्टर असतील का?

माझ्या मते तुमच्या प्रकरणातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट डॉक्टर आहेत. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि ते सिद्ध करताना त्यातला एक जरी हयात असेल तरी त्याला पुढे आणावं लागतं. दोघेही नसतील तर सही आणि अक्षर ओळखणारे लोक शोधत बसावं लागतं. रस्ता तेव्हाही असतो, पण खडकाळ. मामांची काळजी त्यामानाने कमी: एक्झिक्युटर राहिला नाही तर तुम्ही स्वतः, लाभार्थी म्हणून, मृत्युपत्र जोडून ‘लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे मिळकतीचा कारभार पाहण्याचा कोर्टाचा अधिकार, मागू शकता.

आता पैशांचं बघू. गिऱ्हाईकाची ऑफर वेडगळ नाही, हे आधी कबूल करतो. १ कोटी ७० लाख आज हातात आले आणि सात टक्क्यांच्या ठेवीत टाकले, तर तीस टक्क्यांचा कर जाऊन वर्षाला सव्वाआठ लाखांच्या आसपास उरतात. दीड वर्षाचे साडेबारा लाख. त्यात वकिलांचे पावणेतीन मिळवले तर थांबण्याची किंमत सव्वापंधरा लाख. समोर जास्तीचे २० लाख. म्हणजे फरक जेमतेम पावणेपाच लाखांचा, आणि तेवढ्यासाठी दीड वर्ष कोर्टाच्या तारखा कोण मोजणार, असं तुम्हाला वाटलं तर मी हसणार नाही.

पण कुलूपबंद फ्लॅटचं भाडं या हिशेबात धरलेलं नाही. महिना ४० हजार धरले तरी दीड वर्षात सात लाख वीस हजार होतात. मेंटेनन्स आणि कर जाऊन पाच लाख राहावेत. करारावर मामा एक्झिक्युटर म्हणून सही करतील. भावाला नॉमिनी म्हणून सोसायटीने तात्पुरता सभासद करून घ्यावं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात तशी सोय आहे. भाडं वेगळ्या खात्यात जमा करा, त्यातून एक रुपयाही घरखर्चाला काढू नका. पुढेमागे हिशेब कुणी मागितला तर पासबुक पुढे ठेवता आलं पाहिजे. आता थांबण्याची किंमत सव्वादहा लाखांवर येते आणि तराजू बऱ्यापैकी एका बाजूला झुकतो.

खरी मेख इंडेम्निटी बाँडमध्ये आहे. ब्रोकर त्याला ‘नुसती फॉर्मॅलिटी’ म्हणाला असेल. मी अशा बाँडचे नमुने पाहिलेत. एकात लिहिलं होतं की भविष्यात कुठल्याही वारसाने हरकत घेतली तर खरेदीदाराचं होणारं सर्व नुकसान, कोर्टखर्चासह, विक्रेती आणि तिचे वारस भरून देतील. रकमेला मर्यादा नाही, मुदतही नाही. विक्रेतीचे वारस म्हणजे तुमची मुलं. १ कोटी ७० लाख ठेवीत टाकाल, पण ते पुढची दहा वर्षं पूर्णपणे तुमचे नसतील.

आणि पुतण्याला वारस म्हणून हक्क नाही असं समजू नका. मृत्युपत्र नसतं तर आधी गेलेल्या मुलाची बायको आणि मुलं तुमच्याबरोबरीने पहिल्या वर्गाच्या वारसांत बसली असती. म्हणूनच प्रोबेटच्या अर्जात त्यांची नावं घालावी लागतात. त्यांची संमतीची ॲफिडेव्हिट मिळाली तर काम सरळ. नाहीतर कोर्टाकडून त्यांना नोटीस जाते, तिला सायटेशन म्हणतात. मुदतीत कुणी कॅव्हेट टाकून हरकत घेतली नाही तर अर्ज पुढे सरकतो. हरकत आली तर त्याचा दावा होतो आणि मग दीड वर्षाचं गणित विसरायचं. पण हरकत यायचीच असेल तर ती फ्लॅट तुमच्या ताब्यात असताना आलेली बरी. बाँडवर सही करून बसल्यावर नको.

त्यामुळे वकिलाच्या आधी वहिनींना फोन. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, थोरल्या भावाला घर घेताना वडिलांनी मोठी रक्कम दिली होती म्हणून त्याचं नाव मृत्युपत्रात नाही. हे वहिनींना माहीत आहे का? बऱ्याचदा नसतं. मी तर म्हणेन, त्या सही करायला तयार असतील तर पुतण्याच्या शिक्षणासाठी काही देऊ करायचा विचार करा. कायद्याने देणं लागत नाही. पण तेवढ्याने दाव्याची शक्यता मिटत असेल तर स्वस्तच पडेल. जे ठरेल ते लेखी, तुमच्या वकिलाकडून.

ठेवींसाठी मात्र थांबू नका. भाऊ नॉमिनीही आहे आणि मृत्युपत्रातही त्याच ठेवी त्याच्याच आहेत. मृत्यूचा दाखला, क्लेम फॉर्म, ओळखपत्र, एवढ्यावर बँकेने पैसे द्यायला हवेत. फ्लॅटच्या बाबतीत त्याचं नॉमिनी असणं म्हणजे मालकी नव्हे, हे त्याला ठाऊक आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याच्याकडून तेवढं ॲफिडेव्हिट आत्ताच घेऊन ठेवा. सख्खा भाऊ आहे म्हणून संकोच नको.

खर्चाचं एक स्पष्टीकरण: महाराष्ट्रात प्रोबेटच्या कोर्ट फीला वरची मर्यादा आहे, फ्लॅटची किंमत वाढली म्हणून ती त्याच प्रमाणात वाढत जात नाही. पावणेतीन लाखांत कोर्ट फी किती आणि वकिलांची फी किती, हे वेगवेगळं लिहून मागा. हरकत आल्यास काय आकारणार, तेही आत्ताच विचारा.

ब्रोकरला सांगा, टोकन घेणार नाही. आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन या, वकिलाला बरोबर घेऊन. मृत्युपत्राची झेरॉक्स दाखवा, सही त्यांचीच आहे ना आणि त्या दिवशी कोण कोण हजर होतं ते विचारा, ॲफिडेव्हिट लगेच तयार करून घ्या. मूळ प्रत घरीच राहू दे. ती शेवटी कोर्टात जमा करायची आहे, तेव्हा तिची पिन काढू नका, पंच करू नका आणि कृपा करून लॅमिनेट करू नका. माझ्या आत्याने प्रेमापोटी काकांचं मृत्युपत्र लॅमिनेट करून आणलं होतं, आणि त्यात कुणी काही लपवलंय का, या प्रश्नाला उत्तरं देण्यात आमचे चार महिने गेले.