तीन मिनिटांच्या गाण्यात शिकायचं काय?

प्रश्न : मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सत्तरच्या दशकातल्या ‘पॉवर पॉप’ (गोड चाली, जोरकस गिटार, छोटी गाणी) बँडचं वेड लागलंय. चाळीस गाणी लिहिलीत, आता कॉलेज सोडून हेच करणार म्हणतो. तीन मिनिटांच्या गाण्यात शिकायचं असतं तरी काय? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेलं त्याचं गाणं दोनदा ऐकलं. चाल गोड आहे, पोराला कान आहे. पण गाणं सव्वापाच मिनिटांचं आणि ओठांवर राहील अशी ओळ उगवते पावणेदोन मिनिटांनी. तोवर गिटारची लांबण आणि दोन कडवी. शिकायचं आहे ते इथेच.

त्याला बॅडफिंगर या ब्रिटिश बँडचं १९७० सालचं ‘नो मॅटर व्हॉट’ घड्याळ समोर ठेवून ऐकायला लावा. गिटारचे जेमतेम काही ठोके, की गायकाच्या तोंडी पहिलेच शब्द येतात ते गाण्याच्या नावाचे! कडवी, ब्रिज (मधला वेगळ्या चालीचा भाग), गिटारचा तुकडा, शिवाय संपलं म्हणता म्हणता पुन्हा उसळी. सगळं जेमतेम तीन मिनिटांत. (आपली जुनी भावगीतं तबकडीच्या एका बाजूत बसवायचे, तसाच हा हिशेब.)

यावर पोट भरतं का? अ‍ॅडम श्लेसिंजर या अमेरिकन गीतकार-संगीतकाराचं भरलं. १९९६ च्या एका चित्रपटासाठी १९६४ सालचं वाटेल असं हिट गाणं हवं होतं. कथेत ते पुन्हापुन्हा वाजणार, म्हणजे कंटाळा यायला नको. ते त्याने लिहिलं, ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढे टीव्हीसाठीही भरपूर लिहिलं. हा तत्त्वज्ञानाचा पदवीधर होता, बरं का. उलट अमेरिकेतल्या मेम्फिसच्या बिग स्टार या पॉवर पॉप बँडची १९७२ ची पहिली रेकॉर्ड समीक्षकांनी उचलून धरली, पण वितरणाच्या घोळात दुकानांत नीट पोचलीच नाही.

म्हणून पदवी पुरी करू द्या. करार आणि रॉयल्टी वाचताना कॉमर्स उपयोगी पडेल. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखला आहे. गाणी प्रसिद्ध होऊ लागली की आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) सभासदत्व घ्यायला सांगा.

आणि नवं एकेचाळिसावं गाणं नको. हेच कापून, ती ओळ पहिल्या अर्ध्या मिनिटात आणून पाठव म्हणावं. दुसरं कडवं गेलं तरी चालेल. तसंही त्यात पावसाशिवाय काही नाही.