बाहेरची प्रमाणित चाचणी तोंडावर आहे. मुलांची तयारी करून घेण्याआधी शिक्षकाने काय समजून घ्यावं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या वर्गाला यंदा पहिल्यांदाच प्रमाणित चाचणी (सगळ्या मुलांना सारख्याच अटींवर देऊन सारख्याच नियमांनी तपासली जाणारी परीक्षा) द्यायची आहे, शाळेने जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा हातात ठेवलाय आणि तो सोडवून घेण्यापलीकडे काय करायचं ते सुचत नाही. मी बरीच वर्षं वर्गात शिकवलं आणि आता इतर शिक्षकांबरोबर याच तयारीचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गठ्ठा उपयोगाचा आहे. पण मुलांच्या हाती पहिली प्रश्नपत्रिका देण्याआधी ती तुम्ही स्वतः सोडवा. घड्याळ लावून, उत्तरसूची न उघडता. मग प्रत्येक प्रश्नासमोर दोन गोष्टी लिहा: हा प्रश्न सुटायला मुलाला नेमकं काय यावं लागतं, आणि यातला प्रत्येक चुकीचा पर्याय कोणत्या मुलाला बरोबर वाटेल. पहिली गोष्ट बहुतेक शिक्षक करतात. दुसरी फारसं कुणी करत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते.

एक प्रश्न घेऊन सांगते. चित्रात मोजपट्टीला लागून पेन्सिल ठेवलेली आहे. तिचं एक टोक २ च्या खुणेवर, दुसरं ९ च्या. लांबी किती सेंटिमीटर? पर्याय: ७, ८, ९ आणि ११. आता ९ निवडणारं मूल बघा. ते फक्त शेवटच्या टोकापाशी जो आकडा आहे तो वाचतं; मोजणी शून्यापासून झालेली नाही हे त्याला दिसत नाही. ८ निवडणारं मूल २, ३, ४ करत ९ पर्यंत आकडे मोजतं. ते आठ भरतात, म्हणजे ते मधलं अंतर न मोजता खुणा मोजतंय. ११ निवडणाऱ्याने दिसलेले दोन आकडे मिळवून मोकळं केलं. तिघांनाही गुण शून्य, पण उद्या तिघांना वेगवेगळं शिकवायला हवं. पहिल्याला शून्याकडचा भाग मोडलेली पट्टी देऊन वस्तू मोजायला लावा. दुसऱ्याला दोन खुणांमधल्या जागेवर बोट फिरवत मोजू द्या. तिसऱ्याजवळ बसून आधी प्रश्न मोठ्याने वाचून घ्या, कारण त्याची अडचण मोजमापाची आहे की वाचनाची, हेच अजून ठरलेलं नाही.

म्हणून सराव चाचणी झाली की फक्त गुणांची यादी करू नका. प्रश्नवार तक्ता करा: कोणता पर्याय किती मुलांनी निवडला. चुकीची उत्तरं सगळ्या पर्यायांवर सारखी विखुरलेली असतील तर मुलं अंदाजाने खुणा करत आहेत, तो भाग बहुधा पोचलेलाच नाही. एकाच चुकीच्या पर्यायावर निम्मा वर्ग गोळा झाला असेल तर तिथे एक पक्का गैरसमज बसलेला आहे आणि तो पाठ पुन्हा, वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागेल. एक तिसरा प्रकारही नजरेत ठेवा: अभ्यासात पुढे असलेली मुलं चुकली आणि मागे असलेल्यांचं उत्तर बरोबर आलं. असं दिसलं तर आधी प्रश्न तपासा. त्याची भाषा संदिग्ध असेल, किंवा उत्तरसूचीतच चूक असेल.

गणिताच्या बाबतीत एक जुनं उदाहरण मी प्रत्येक शिक्षकाला सांगते. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय मूल्यमापनात १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना न्यायचंय, तर किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ३२ हे उत्तर लिहिलं फक्त २३ टक्क्यांनी. २९ टक्क्यांनी लिहिलं, ‘३१ बाकी १२’. भागाकाराची आणखी शंभर उदाहरणं सोडवून घेतली असती तरी हा आकडा हलला नसता. त्या मुलांना भागाकार येतच होता. उत्तर मिळाल्यावर पुन्हा प्रश्नाकडे वळून ‘उरलेल्या बारा जणांचं काय?’ हे विचारायची सवय नव्हती. ती सवय रोजच्या तासाला लागते, परीक्षेआधीच्या महिन्यात नाही.

आता चाचणी नेमकी काय सांगते ते. कोणतीही चाचणी सगळा विषय विचारू शकत नाही. ती त्यातला नमुना उचलते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो तसंच हे, आणि त्या म्हणीत एक अट गृहीत आहे: ते शीत बाकीच्या भाताबरोबर शिजलेलं असलं पाहिजे. तेवढंच वेगळं काढून शिजवलं तर त्यावरून भाताबद्दल काहीच कळत नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांत जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात तेवढेच घोटून घेतले की नेमकं हेच होतं. अमेरिकेतले मापनतज्ज्ञ डॅनियल कोरेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एका जिल्ह्याचा अभ्यास मांडला. तिथे चाचणी बदलल्यावर गुण एकदम खाली आले आणि पुढच्या काही वर्षांत, शिक्षक-मुलं नव्या चाचणीला सरावल्यावर, पुन्हा वर चढले. पण संशोधकांनी त्या वेळी जुनी चाचणी देऊन पाहिली तेव्हा तिच्यावरचे गुण घसरलेले निघाले. मुलांचं गणित सुधारलं नव्हतं, त्या विशिष्ट चाचणीची ओळख वाढली होती. शाळेच्या आलेखावर हे दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून शिक्षकाने तरी ते वेगळे ओळखले पाहिजेत.

त्यामुळे पहिल्याच आठवड्यात चाचणी घेणाऱ्या संस्थेचा संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, मिळवा. कोणत्या घटकाला किती भार, त्यात आठवण्याचे प्रश्न किती, उपयोजनाचे किती, हे त्यात असतं. तो तुमच्या वार्षिक नियोजनाशेजारी ठेवून बघा. चाचणीत भार असलेला एखादा घटक तुमच्या नियोजनात परीक्षेनंतर येत असेल, तर तो आत्ताच पुढे ओढा. हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते राहून गेलं तर नंतर कितीही सराव घेतला तरी भरून निघत नाही.

गुणांचा अर्थ लावायलाही शिका, कारण पालक तुम्हालाच विचारणार. ६० टक्के म्हणजे शंभरातले साठ गुण. ६० पर्सेंटाइल म्हणजे तुलनेच्या गटातल्या सुमारे ६० टक्के मुलांपेक्षा जास्त गुण. मूल गुणांत पुढे जाऊनही पर्सेंटाइलमध्ये खाली येऊ शकतं, बाकीचे अधिक पुढे गेले तर. काही चाचण्या मुलांची एकमेकांशी तुलना करायला बनवलेल्या असतात, काही ठरवलेल्या निकषापर्यंत मूल पोचलं का ते बघायला. तुमची कोणती, हे आधी विचारा. तुलनेच्या चाचणीत सगळ्यांना येणारे प्रश्न फारसे ठेवतच नाहीत, कारण त्यातून मुलांमधला फरक दिसत नाही. अशा चाचणीत काही प्रश्न अडले तर घाबरायचं कारण नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

आणि प्रत्येक गुणाला थोडी हालचाल असते. समजा चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर निकाल किती सारखा येईल याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९१ आहे आणि गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १०, तर मापनातली प्रमाण त्रुटी, म्हणजे एका मुलाचे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात तो आकडा, ३ येते. चाचणी चांगलीच विश्वसनीय आहे, तरी ६२ मिळवणाऱ्या मुलीची खरी पातळी साधारण ५९ ते ६५ च्या दरम्यान धरायची. मग ६२ आणि ६४ मिळवणाऱ्या दोन मुलींमध्ये हुशार कोण, हा प्रश्न त्या कागदावरून सुटत नाही. असल्या दोन गुणांवरून वर्गात मुलांची वाटणी होते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

सराव कसा घ्यायचा? चाचणी देणं हे स्वतःच शिकण्याचं साधन आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के भाग आठवत होता आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. तेव्हा रोज तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं, वह्या मिटून, तीन-चार प्रश्न. एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. गुण द्यायचे नाहीत, उत्तर लगेच सांगायचं. आठवड्यातून तीन पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवण्यापेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटतं. पूर्ण लांबीच्या मोजक्याच घ्या, पण प्रत्येकीनंतर सोडवायला लागला तेवढाच वेळ उत्तरांवर बोलायला द्या. त्या चर्चेत बरोबर उत्तर सांगून थांबू नका. ‘ब का नाही?’ हे मुलांकडून वदवून घ्या.

वाचनाच्या उताऱ्यावर एक गोष्ट हमखास शिकवावी लागते. एखादं विधान खरं असतं, पण उताऱ्यात नसतं. दुसरं उताऱ्यात शब्दशः असतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसतं. मुलं या दोन्हींत अडकतात. निवडलेल्या पर्यायासाठी उताऱ्यातल्या ओळीखाली रेघ मारायची, असा नियम करा. रेघ मारता आली नाही तर अंदाज कशावरून बांधला ते तोंडी सांगायचं. ‘यांपैकी कोणते नाही’, ‘सर्वांत योग्य’, ‘खेरीज’ असे शब्द आले की त्यांभोवती गोल करायचा.

परीक्षेच्या तंत्राला फार वेळ लागत नाही, पण ते हाताला धरून शिकवावं लागतं. ६० प्रश्न आणि ९० मिनिटं असतील तर प्रश्नाला दीड मिनिट. पहिल्या फेरीत येणारे सोडवायचे, अडलेल्याला खूण करून पुढे जायचं, दुसऱ्या फेरीत परत यायचं. यात धोका ओएमआर कागदाचा (गोल रंगवून उत्तरं नोंदवायच्या, यंत्राने तपासल्या जाणाऱ्या कागदाचा) असतो: प्रश्न सोडला पण त्याची ओळ सोडली नाही, तर पुढची सगळी उत्तरं एकेका ओळीने सरकतात. दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळवायची सवय लावा, आणि ती खऱ्या ओएमआर कागदावरच लावा.

चुकीला गुण कापतात का, हे सूचनांत वाचा आणि मुलांना हिशेब दाखवा. कापत नसतील तर एकही प्रश्न कोरा नको. चार पर्याय आहेत आणि चुकीला एक चतुर्थांश गुण कापतात असं धरा. निव्वळ अंदाजाच्या चार उत्तरांत सरासरी एक बरोबर येतं आणि तीन चुकांचा पाऊण गुण जातो, म्हणजे पाव गुण उरतोच. एक तृतीयांश कापत असतील तर हिशेब शून्यावर येतो, पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला की पुन्हा फायद्यात. हे समजलं की घाबरून प्रश्न कोरे सोडणारी मुलं मोकळी होतात, आणि अशी मुलं तुम्हाला वाटतात त्याहून जास्त असतात.

‘पहिलं सुचलेलं उत्तर बदलू नका’ हा सल्ला कृपया देऊ नका. उत्तरं बदलण्यावर बरेच अभ्यास झालेत आणि चुकीचं खोडून बरोबर करणारे बदल उलट प्रकारच्या बदलांपेक्षा जास्त आढळतात. मानसशास्त्रज्ञ क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हा समज टिकतो कसा तेही दाखवलं: बरोबर उत्तर बदलून चुकल्याची हळहळ जास्त लागते, म्हणून तेवढंच लक्षात राहतं. मुलांना सांगा, कारण सापडलं तर बदला, नुसती धाकधूक असेल तर राहू द्या.

ज्या मुलांना दिसण्या-ऐकण्याची, लिहिण्याची किंवा वाचनाची अडचण आहे त्यांच्या जादा वेळेचा किंवा लेखनिकाचा अर्ज आत्ताच करा. मुदत बहुतेक वेळा परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. आणि ती सवलत सराव चाचणीतही द्या. लेखनिकाला उत्तर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे, ते पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशी करायला लावणं अन्याय आहे.

निकाल आला की घटकवार गुणांचा तक्ता मिळेल. तो वाचताना आधी प्रत्येक घटकावर किती प्रश्न होते ते बघा. अपूर्णांकावर चारच प्रश्न असतील तर त्यातले दोन येणं आणि तीन येणं यावरून एका मुलाबद्दल काही ठरवू नका. पूर्ण वर्गाचे तेच चार प्रश्न एकत्र ठेवलेत तर मात्र चित्र भरवशाचं होतं. ते पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना पर्यायवार तक्त्यासकट द्या. नुसते गुण दिले तर त्यांना शिकवण्यासाठी काहीच हाती लागत नाही.