कबाडातलं इंजिन बसवण्याआधी

प्रश्न : माझ्या २००९ च्या अल्टोचं इंजिन सीझ झालं. मिस्त्रीने कबाड्याकडे त्याच मॉडेलच्या अपघाती गाडीचं इंजिन पाहून ठेवलंय. ते सुटं पडलेलं आहे, सुरू करून दाखवता येणार नाही म्हणतात. बसवण्याआधी काय तपासावं? – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : अपघाती गाडीचं इंजिन वाईटच असतं असं नाही. म्हातारपणामुळे भंगारात गेलेल्या गाडीच्या इंजिनापेक्षा ते पुष्कळदा बरं निघतं. फक्त धडक समोरून असेल तर क्रँक पुली (इंजिनाच्या टोकाची, पट्टा फिरवणारी चकती) वाकली आहे का, माउंटिंगचे कान (इंजिन गाडीला बांधायच्या जागा) तडकलेत का, ते पाहा. खरी भीती बुडालेल्या गाडीची. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. इनटेकच्या नळीत बोट फिरवा, अल्टरनेटरच्या जाळीत आणि वायरिंगच्या जोडांत डोकावा. गाळ दिसला की पुढची तपासणी नकोच. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलेलं आहे.

‘सुरू करता येत नाही’ हे मान्य, पण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजता येतो. स्टार्टर गिअरबॉक्सच्या बाजूला बसतो, म्हणून गिअरबॉक्स जोडलेलं इंजिनच दाखवा म्हणावं. गिअर न्यूट्रलला ठेवून तिन्ही प्लग काढा. आधी क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे द्या. मध्येच अडलं तर जोर लावू नका. मग चार्ज बॅटरी जंपर केबलने जोडा, एकेका प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज (दाब मोजायचं मीटर) बसवा आणि थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा. गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत, म्हणजे पाच-सहा झटके, स्टार्टर मारा.

साधारण १५० ते १८० पीएसआय (दाबाचं माप) मिळालं आणि तिन्हींतला फरक १५ च्या आत असला तर पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत. समजा १६५, १६० आणि १०५ आलं. १०५ वाल्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. रीडिंग १४५-१५० वर गेलं तर रिंगा गेल्या. जागचं हललं नाही तर व्हॉल्व्हची सीट. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर कमी दाखवत असतील तर बहुधा त्यांच्यामधलं हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली पट्टी) फुटलेलं असतं.

याच कारणाने एक चलाखीही चालते. विकणारा आधीच सिलिंडरमध्ये ऑइल सोडून ठेवतो आणि थकलेलं इंजिनही गेजवर तरुण दिसतं. प्लगची टोकं ओली, तेलकट निघाली की प्लगच्या भोकांवर जुनं फडकं धरून स्टार्टर थोडा वेळ मारा, ऑइल उडून जाऊ द्या. मोजायचं त्यानंतर.

सौदा पक्का करण्याआधी चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवायची परवानगी मागा. तळाशी चमचमणारी भुकटी दिसली तर चुंबक लावा. चिकटली तर लोखंड. न चिकटणारी पितळी-रुपेरी चूर बहुधा बेअरिंगची. असं इंजिन कितीही स्वस्त असो, सोडा.

इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि क्रँकचं मागचं ऑइल सील नवं टाका. सील नंतर गळलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. बसवल्यावर प्लग न लावता ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवा, मगच इंजिन चालू करा.

आणि हो, इंजिन नंबर. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर हात लावू नका. बिलावर तो नंबर लिहून घ्या. आरसीवर इंजिन बदलाची नोंद आरटीओत करताना ते लागेल.

प्रश्न : मिस्त्री म्हणतो, आपल्याकडचा उन्हाळा पाहता नव्या इंजिनाचा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढूनच टाकू. – वाचक, वाडी

उत्तर : काढू नका. इंजिन वेळेत तापत नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, अ‍ॅव्हरेज पडतं. तापण्याची भीती असेल तर रेडिएटर साफ करून घ्या आणि पंखा वेळेवर लागतो का पाहा. थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे: उकळत्या पाण्यात टाका, उघडला तर चांगला.